उतरण्यापुरती शिल्लक

ड्रोन उडवणाऱ्याचं सगळं लक्ष वर असतं. किती उंच जाईल, वरून काय दिसेल, किती वेळ टिकेल. या मननात आपण एक अख्खं उड्डाण मनातल्या मनात करू आणि त्यात फक्त बॅटरीकडे बघू. चढताना ती कशी जाते, उतरताना कशी जाते, आणि रिमोटवर निवडलेला मोड तिला कुठे वाचवतो, कुठे दमवतो. घाई नको. आकडे येतील. ते पाठ करायचे नाहीत, प्रत्येकापाशी थोडं थांबायचं.

जागा चेन्नईची घेऊ. शहराच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडलगतचा मोकळा किनारा. सकाळचे सात. समुद्रावरचा वारा अजून सुटलेला नाही. मीनंबाक्कम विमानतळ लांब आहे आणि आपण ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळीक असलेल्या पट्ट्यात आहोत असं धरा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार इथे १२० मीटरपर्यंत जाता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटरवर येते. वाळूवर एक फळी टाका, कारण खारट वाळूचे कण मोटरच्या बेअरिंगमध्ये गेले की तिचा आवाजच बदलतो. फळीवर ड्रोन ठेवा. वजन दीड किलो, चार मोटरी, दहा इंची पाती, पोटाशी चार सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी. १४.८ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात. आजची सगळी पुंजी एवढीच.

आता ड्रोन डोक्याच्या थोडा वर नेऊन थांबवा. स्टिक मध्यावर. तो जागचा हलत नाही. आता करंटकडे बघा. साधारण १२ अँपिअर, म्हणजे १८० वॉटच्या आसपास.

इथे मन अडखळतं, आणि अडखळू द्या. ड्रोन कुठे जात नाही, काही उचलत नाही, मग हे १८० वॉट जातात कुठे?

तुमचा उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर सरळ करा आणि तसाच धरून ठेवा. हात वर जात नाही, खाली येत नाही. शाळेतल्या व्याख्येप्रमाणे कार्य शून्य. तरी थोड्या वेळात खांदा भरून येतो, कारण आतले स्नायू सतत आवळले जात असतात. ड्रोनचं तसंच आहे. सतत हवा खाली ढकलल्याशिवाय त्याला जागेवर राहता येत नाही, आणि ढकललेली हवा आपल्याबरोबर ऊर्जा घेऊन निघून जाते. आपल्या ड्रोनच्या पात्यांमधून हवा सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर वेगाने खाली वाहते आहे. हा आकडा मनात राहू द्या, उतरताना तो पुन्हा लागेल. हात खाली घ्या.

आता वर जायचं आहे, १२० मीटर.

आधी फक्त उंचीचं मोल काढू. दीड किलो वजन १२० मीटर उचलायला गुरुत्वाकर्षण मागतं ते साधारण १,७७० ज्यूल. वॉट-तासात सांगायचं तर अर्धा. ७४ मधला अर्धा! एवढी उंची इतकी स्वस्त असेल असं सहसा वाटत नाही. चढण्याचा खरा खर्च उंचीचा नसतो, चढताना हवेत काढलेल्या वेळाचा असतो. तो भरून आलेला खांदा आठवा. वर जाताना हात वर तर जातोच, शिवाय तेवढा वेळ तो ताणलेलाही राहतो.

म्हणून मोडचा विचार वेळेपासून सुरू करायचा. कॅमेऱ्याच्या ड्रोनमध्ये चित्रीकरणासाठी एक संथ मोड असतो. त्यात समजा आपण सेकंदाला एक मीटर चढलो. वर पोहोचायला १२० सेकंद लागतील आणि खर्च साडेसहा वॉट-तास होईल. आर्डूपायलट ही मुक्त प्रणाली अनेक कॉलेजांतल्या ड्रोनमध्ये असते. तिच्यात चढण्याचा मूळ वेग सेकंदाला अडीच मीटर ठरवलेला आहे. त्या वेगाने ४८ सेकंद लागतील, खर्च तीन वॉट-तास. स्पोर्ट मोडमध्ये सेकंदाला सहा मीटर घेतले तर वीस सेकंद, आणि खर्च जेमतेम पावणेदोन. उंची तीच, ड्रोन तोच. हे आकडे पात्यांच्या साध्या सिद्धांतावरून काढलेले अंदाज आहेत, प्रत्यक्ष ड्रोनवर थोडे सरकतील. पण त्यांचा क्रम तोच राहील.

याच्या पोटात आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. चढताना पात्यांना वरून सतत नवी, स्वच्छ, अजून न हललेली हवा मिळत जाते. त्यामुळे तीच उचल मिळवायला हवेला मुद्दाम कमी रेटावं लागतं. म्हणून सावकाश चढाईत शक्तीची जी भर पडते ती आपण वजन आणि वेग यांचा गुणाकार करून काढू त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. चढणाऱ्या ड्रोनला हवा थोडी साथ देते.

मग नेहमी स्पोर्ट मोडच लावावा का? थांबा. बॅटरी ही नुसती टाकी नाही, तिला स्वतःचा आतला रोध आहे. करंट १२ वरून २१-२२ अँपिअरवर गेला की त्या रोधात होणारी उष्णता तिपटीहून जास्त होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. व्होल्टेज खाली बसतं. बॅटरी भरलेली असेल तर ती हे सोसते. उड्डाणाच्या शेवटी, सेल आधीच ३.५ व्होल्टपाशी असताना एकदम स्टिक वर रेटली, तर व्होल्टेज क्षणात इतकं खाली जाऊ शकतं की ड्रोन स्वतःच धोक्याची घंटा वाजवून उतरायला लागतो. बॅटरीत चार्ज असतो, पण तो हव्या त्या वेगाने बाहेर येत नाही. झपाट्याने चढायचं तर सुरुवातीला. शेवटी वेग आवरता घ्यायचा.

आणखी दोन मोड आठवा. एकात थ्रॉटल थेट मोटरशी बोलतो आणि उंची तुमच्या अंगठ्याने राखायची असते. नवशिक्याचा ड्रोन यात वर-खाली डुलत राहतो, आणि डुलण्याच्या प्रत्येक दुरुस्तीची किंमत बॅटरी मोजते. दुसऱ्यात हवेचा दाब मोजून उंची आपोआप धरली जाते. समुद्रसपाटीला साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, यंत्र तेवढ्यावरून आपली उंची ओळखतं. शिकणाऱ्याला या दुसऱ्या मोडात जास्त वेळ मिळतो.

हवेबद्दल आणखी एक. चेन्नईत मे महिन्यात अग्नी नक्षत्राचं ऊन तापतं आणि पारा चाळिशीपाशी जातो. गरम हवा विरळ असते हे आपल्याला पटतं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते हे पटकन पटत नाही, कारण दमट दिवस आपल्याला जड वाटतो. पण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे चेन्नईची उन्हाळी हवा दोन्ही बाजूंनी पातळ होते. त्याच ड्रोनला थंड कोरड्या हवेपेक्षा तिथे तरंगायला सुमारे चार-पाच टक्के जास्त शक्ती लागते. २५ मिनिटांच्या उड्डाणातलं एखादं मिनिट नुसतं हवेच्या विरळपणात जातं. शिवाय उन्हात ठेवलेली बॅटरी आधीच तापलेली असते. ती सावलीत ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको.

आता आपण वर आहोत, १२० मीटरवर. खाली किनाऱ्याची लांबच लांब रेघ आणि कट्टुमरम होड्या ओढून ठेवलेली वाळू. बघून घ्या. बघताना मीटर चालूच आहे, मिनिटाला तीन वॉट-तास.

उतरायला लागू.

बहुतेकांच्या मनात इथे एक समज असतो. चढायला कष्ट, उतरणं फुकट. डोंगर चढलेल्या प्रत्येक माणसाला असंच वाटतं, फक्त ज्याचे गुडघे बोलायला लागलेत त्याला तसं वाटत नाही. ड्रोनचा हिशेब बघा. आर्डूपायलटच्या मूळ मांडणीत उतरण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर आहे, आणि जमिनीपासून दहा मीटरच्या आत आला की अर्धा मीटर. म्हणजे वरचे ११० मीटर उतरायला ७३ सेकंद आणि शेवटचे दहा मीटर उतरायला वीस. एकूण ९३. चढायला ४८ लागले होते. उतरताना शक्ती तरंगण्याइतकीच, फार तर किंचित कमी लागते. सगळं मिळून साडेचार वॉट-तास. चढायला तीन आणि उतरायला साडेचार! वर साठवलेला तो अर्धा वॉट-तास कुठेही परत येत नाही. विजेवर चालणारी गाडी उतारावर थोडी वीज परत मिळवते, ड्रोन तसं काही करत नाही.

मग झपकन का उतरू नये? इथे तो आकडा पुन्हा मनात आणा, सेकंदाला साडेपाच मीटर. ही पात्यांनी खाली ढकललेली हवा. ड्रोन सरळ खाली येतो तेव्हा तो आपल्याच ढकललेल्या हवेत उतरत असतो. वेग कमी असेल तर ती हवा आधीच निसटून गेलेली असते. उतरण्याचा वेग त्या साडेपाचच्या निम्म्यावर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या पुढे गेला की ती खाली निसटू शकत नाही. पात्यांच्या कडेने वर वळते, पुन्हा आत ओढली जाते, आणि भोवऱ्याचं एक कडं तयार होतं. ड्रोन थरथरतो, डगमगतो, शक्ती वाढवली तरी खाली बसत जातो, कारण वाढवलेली शक्ती तो भोवराच आणखी जोरात फिरवते. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांना या अवस्थेची धास्ती जुनी आहे. सेकंदाला दीड मीटर हा मूळ वेग तिच्यापासून लांब राहतो.

यातून सुटायची वाट सरळ खाली नाही, बाजूला आहे. पुढे सरकत, तिरक्या वाटेने किंवा मोठ्या वळणांनी उतरलं की पाती सतत अस्पर्शित हवेत राहतात. शिवाय मध्यम वेगाने पुढे जाताना तरंगण्यापेक्षा थोडी कमीच शक्ती लागते. म्हणून कसलेले लोक उंचावरून परत येताना घराच्या, म्हणजे जिथून उडवला त्या जागेच्या डोक्यावर येऊन मग खाली उतरत नाहीत, येता येता उतरतात. हे मनात एकदा करून बघा. ड्रोन दूर आहे, उंच आहे. त्याला एकाच हालचालीत जवळ आणि खाली आणा. मधले ते ७३ सेकंद जवळजवळ नाहीसे झाले, कारण यायला लागणाऱ्या वेळातच उतरणं उरकलं.

ज्यांना पंख आहेत त्यांच्याकडे बघताना हे आणखी स्पष्ट होतं. चेन्नईतल्या पल्लीकरणईच्या दलदलीत झोळीवाले, म्हणजे पेलिकन, बसतात. एवढा जड पक्षी पंख पसरून लांबच लांब घसरत पाण्यावर येतो, आणि आपली उंची अंतरात बदलून घेतो. चार पात्यांच्या ड्रोनला हा सौदा जमत नाही. त्याला बदलून घ्यायला काही नसतं, तो प्रत्येक क्षणी रोख मोजतो. म्हणूनच काही ड्रोनना पंख दिले जातात. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या आणि आज नवी मुंबईत असलेल्या आयडियाफोर्जचा ‘स्विच’ हा ड्रोन सरळ वर उठतो आणि मग पंखांवर उडतो. महागडा भाग फक्त उठण्या-उतरण्यापुरता. दोन तासांहून जास्त हवेत राहण्याचं त्याचं गणित त्यात आहे.

रोख मोजत उतरण्याचं आणखी मोठं उदाहरण जवळच आहे. चेन्नईच्या उत्तरेला श्रीहरिकोटा आहे. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ तिथून निघालं आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याचा लँडर विक्रम चंद्रावर उतरला. तिथे हवा नाही, त्यामुळे भोवऱ्याची भीती नाही. पण हवा नाही म्हणून छत्रीही नाही. शेवटच्या तीस किलोमीटरच्या उंचीपासून जमिनीपर्यंतची सुमारे एकोणीस मिनिटं सगळी इंजिनाच्या जोरावर. सुमारे १५० मीटरवर तो थांबलासुद्धा, खाली खड्डे आणि दगड आहेत का हे पाहायला. तो थांबलेला प्रत्येक सेकंद इंधनाचा होता, आणि ते इंधन पृथ्वीवरून निघतानाच त्यासाठी भरून ठेवलेलं होतं. उतरण्यासाठी राखून ठेवणं म्हणजे काय, हे त्या १५० मीटरवर मला सगळ्यात स्वच्छ दिसतं.

पुन्हा शहरात या. २०२१ मध्ये चेन्नई महापालिकेने अडयार आणि कूवम या नद्यांत आणि बकिंगहॅम कालव्यात डासांच्या अळ्यांवर औषध फवारायला ड्रोन वापरले. माणसाला होडीतूनही जिथे जाणं कठीण, अशा जागा. कालव्यावर काही ठिकाणी एमआरटीएस रेल्वेचे खांब उभे आहेत, पूल आडवे येतात. अशा ठिकाणी पुलावरून ड्रोन पलीकडे न्यायचा तर चढा आणि उतरा. समजा भरल्या टाकीसह वजन २४ किलो आहे आणि टाकीत दहा लिटर औषध. टाकी रिकामी झाली की उरले १४. तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडव्या घाताने वाढते, म्हणून रिकाम्या टाकीने उडताना ती निम्म्याहूनही कमी होते. तेव्हा चढ-उतारांचे कष्टाचे टप्पे टाकी रिकामी झाल्यावर येतील असा मार्ग आखणं, हे मला फवारणीतलं मोठं कसब वाटतं. त्यासाठी नवा मोड लागत नाही, नकाशावर रेघ कुठून काढायची एवढं ठरवावं लागतं.

आता ज्या मोडवर सगळे डोळे मिटून विसंबतात तो मोड घ्या, ‘रिटर्न टू होम’. बॅटरी कमी झाली, घंटा वाजली, ड्रोन घरी निघाला. पण निघाला म्हणजे काय? तो आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, मग येतो, मग उतरतो. आर्डूपायलटमध्ये ही उंची मुळात १५ मीटर आहे, पण शहरात लोक ती इमारतींच्या वर ठेवतात. अण्णा सालैवरची १९५९ ची एलआयसी इमारत एकेकाळी देशातली सर्वांत उंच होती, साधारण ५४ मीटर. आज तिच्याहून उंच पुष्कळ आहेत. म्हणून कुणी शहरात उडवताना परतीची उंची १०० मीटर ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मोकळ्या किनाऱ्यावरही ती तशीच राहते.

मनात हे घडू द्या. ड्रोन पाण्याच्या काठावर वीस मीटरवर आहे. घंटा वाजते. दमलेल्या बॅटरीवर तो ८० मीटर चढतो, ३२ सेकंद. घरी येतो. मग १०० मीटर सरळ खाली, ८० सेकंद. फक्त चढ-उतारातच ७४ पैकी सहा वॉट-तास, म्हणजे आठ टक्के गेले, आणि त्यात येण्याचा खर्च धरलेलाच नाही. परतीची उंची ४० मीटर असती तर हेच काम अडीच वॉट-तासांत झालं असतं. किनाऱ्यावर नारळाच्या झाडांवरून जायला ती पुरेशी आहे. चढणं स्वस्त असतं असं मी आधी म्हटलं, ते भरल्या बॅटरीचं. इथली चढाई नेमकी व्होल्टेज बसण्याच्या वेळी येते. शिवाय वर वारा सहसा जास्त असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला आणि ड्रोन जमिनीच्या बाजूला गेला असेल, तर घराकडे येताना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. जागा बदलली की उड्डाणाआधी हा एक आकडा बदलायचा. सेटिंगमध्ये जाऊन अर्ध्या मिनिटात होतं.

आपला ड्रोन आता दहा मीटरवर आहे. वेग सेकंदाला अर्धा मीटर. ही वीस सेकंदं लांबलचक वाटतात, स्टिक खाली दाबावीशी वाटते. दाबू नका. पायाखालची वाळू उडायला लागली आहे, जमिनीजवळ हवेची उशी लागते आहे आणि करंट थोडा कमी दिसतो आहे. फळीला पाय टेकले. मोटरी थांबल्या.

स्क्रीनवर बघा. व्होल्टेज वर गेलं. उडताना १४.२ दिसत होतं, आता १४.६. भार उतरला की आतल्या रोधात अडकणारं व्होल्टेज सुटतं, एवढंच ते आहे. चार्ज परत आलेला नाही. हा वाढलेला आकडा बघून आणखी एक फेरी मारायची इच्छा होते, आणि बरेच ड्रोन त्या फेरीत समुद्रात गेले आहेत. बॅटरी काढा. हाताला ऊन लागली तर सावलीत निवू द्या, गरम असताना चार्जरला लावू नका. आणि आज पुन्हा उडवायचं नसेल तर तिला भरून किंवा रिकामी ठेवू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.